तेरा क्लॅपरशॉ

सिरिल क्लॅपरशॉ त्या रविवारी चर्चमध्ये उभे राहिले, तिथंच सगळं बिघडलं. बसून राहिले असते तर कुणाचं काही गेलं नसतं. पण माणूस एकदा उभा राहिला आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, की मग मुकाट्यानं खाली बसायचीही सोय राहत नाही.

झालं होतं ते असं. सिरिलची एकुलती एक मुलगी हेझल जूनमध्ये रॉडनी स्मिथशी लग्न करणार होती. लग्नाआधी तीन रविवार थॉर्नबेकच्या चर्चमध्ये दोघांच्या नावांचा पुकारा व्हायचा आणि 'या लग्नाला कुणाची कायदेशीर हरकत आहे का' असं विचारलं जायचं. हरकत कुणाचीच नसते. त्या क्षणी सगळे आपापल्या बुटांकडे बघतात, कुणीतरी खोकतं, आणि पाद्रीबाई पुढच्या भजनाकडे वळतात. स्वतःचा पुकारा नवरीनं ऐकणं अशुभ, म्हणून हेझल घरी मटण भाजत होती आणि रॉडनी तिला बटाटे सोलून देत होता.

तो दुसरा रविवार होता; पहिल्या रविवारी सिरिल सर्दीमुळे घरीच होते. पाद्रीबाई फिलिपा डॅन्बी गावात येऊन जेमतेम चार महिने झाले होते, बाई नियमाच्या एकदम पक्क्या. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "हेझल रूथ क्लॅपरशॉ." आणि सिरिल उठायला लागले.

आता ते का उठले, हे सांगायलाच हवं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सिरिल 'क्लॅपरशॉ कुलमंडळ' चालवत. अध्यक्ष तेच, चिटणीस तेच, चहा करणारेही तेच. दर ऑगस्टमध्ये गावच्या सभागृहात कुलसंमेलन भरे. सिरिल जिवंत असलेल्या एकेका क्लॅपरशॉचं नाव वाचत. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. जो आला नसेल त्याच्या वतीनं सिरिल उभे राहत. आणि गेली काही वर्षं येतच होतं कोण? सिरिल एकटेच बारा वेळा उठत-बसत आणि हेझल टाळ्या वाजवत बसे. तेरावं नाव तिचं स्वतःचं, तेव्हा ती उठे आणि टाळ्या सिरिल वाजवत.

एवढ्या वर्षांची सवय. कानावर 'क्लॅपरशॉ' पडलं की पाय आपोआप उचलले जायचे. फक्त ते गुडघे शहात्तर वर्षांचे होते. सिरिल समोरच्या बाकाला धरून 'आई गं' करत सरळ होईपर्यंत पाद्रीबाईंचा पुढचा प्रश्नही विचारून झाला होता.

बाईंनी चष्मा खाली केला. "मिस्टर क्लॅपरशॉ, तुमची हरकत आहे?"

'नाही हो, नाव ऐकलं म्हणून उठलो' एवढं म्हणायचं होतं, बस्स. पण भर चर्चमध्ये असला वेडगळपणा कबूल करायचा म्हणजे जिवंतपणी जमिनीत गाडून घेण्यासारखंच. शिवाय खोटं कशाला बोला, एक बारीकशी हरकत म्हातारबुवांच्या मनात तीन महिन्यांपासून बसलेली होतीच.

"म्हणजे तशी हरकत नाही," ते पुटपुटले. "नावाबद्दल जरा... नंतर बोलू का?"

पुढच्या बाकावरच्या हेबलथ्वेटबाई इतक्या झटकन वळल्या की त्यांची हॅट कानावर आली.

प्रार्थना संपल्यावर मागच्या खोलीत पाद्रीबाईंनी दार लावून घेतलं. "बोला. कुणाच्या नावाबद्दल?"

"माझ्या. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या."

आणि सिरिल सुरू झाले. क्लॅपरशॉ म्हणजे साकवाजवळची राई. गावाबाहेरच्या ओढ्यावर दगडी फळ्यांचा साकव आहे ना, त्याच्या पलीकडे पूर्वी राई होती, तिथं राहणारे ते क्लॅपरशॉ. तेराशे सत्तावीस सालच्या करपट्टीत पहिला सापडतो, ॲडम त्याचं नाव. अठराशे एक्याऐंशीच्या शिरगणतीत दोनशे चौदा होते. मग कुणी ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिकडे वंश बुडवून बसले, सात जणांची नावं बाहेर युद्धाच्या स्मारकावर आहेत, आणि उरलेल्यांना मुलीच झाल्या.

"आता तेरा," सिरिल म्हणाले. "अख्ख्या देशात."

"तेरा नक्की?"

"दर जानेवारीत मी स्वतः फोन करतो प्रत्येकाला. हल शहरातला भाऊ म्हणतो कुत्र्यालाही धरा, पण मी धरलेला नाही. तेरातले नऊ पंच्याहत्तरीच्या पुढचे. एक नन आहे, तिच्याकडून काही आशा नाही."

"नसावीच," पाद्रीबाई म्हणाल्या.

"आणि हेझलची मिसेस स्मिथ झाली की बारा. अहो, स्मिथ लाखांनी आहेत. त्यांना एक जास्त झाली काय नि कमी झाली काय."

"पण ही कायदेशीर हरकत नाही, मिस्टर क्लॅपरशॉ."

"मी कुठं म्हणतोय आहे म्हणून?"

"मग उभे कशाला राहिलात?"

सिरिलनी मान खाली घालून सांगितलं. पाद्रीबाईंनी ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघितलं, तरी खांदे हलत होतेच. मग घसा साफ करून म्हणाल्या, "हे बघा, हरकत सगळ्यांसमोर आली. मग ती मागेही सगळ्यांसमोरच घ्यायला हवी. येत्या रविवारी. उभं राहून."

"बसून नाही का चालणार?"

"नाही."

तोवर बाहेर चहाच्या टेबलाशी गावानं आपलं काम उरकलं होतं. थॉर्नबेकमध्ये एखाद्याला तोंडावर काही विचारणं म्हणजे असभ्यपणा. जो तो हवापाण्याबद्दल बोलतो आणि मग घरी जाऊन आपल्या मनानं ठरवून टाकतो. 'नावाबद्दल काहीतरी आहे' एवढं हेबलथ्वेटबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हाताऱ्याच्या नावात काही काळंबेरं नाही, ते तर युद्धाच्या स्मारकावरसुद्धा कोरलेलं. म्हणजे गोम असणार ती जावयाच्या नावात.

"स्मिथ!" सोमवारी आपल्या बेकरीत बाई म्हणाल्या. "अहो, लपायचं असेल तर माणूस दुसरं कुठलं नाव घेईल?"

मंगळवारी रॉडनीला वेगळंच नाव होतं. बुधवारी त्या नावाची एक बायको होती, आणि दुपारपर्यंत दोन मुलं झाली. रॉडनी बिचारा गाडी चालवायला शिकवायचा. तीन जणांनी शिकवणी बंद केली. ज्याचं नाव खरं नाही त्यानं शिकवलेला ब्रेक तरी खरा कशावरून? लग्नाचा केक हेबलथ्वेटबाईच करणार होत्या. त्यांनी हेझलला निरोप धाडला, "वर नावं काय लिहायची ते ठरलं की कळव हो, घाई नाही." आणि वेकफील्डहून रॉडनीच्या आई, डोरीन स्मिथ, बसनं येऊन दाखल झाल्या. हातात फाईल. मुलाचा जन्माचा दाखला, देवी टोचल्याचं कार्ड आणि पन्नास मीटर पोहल्याचं प्रमाणपत्र. बेकरीत जाऊन त्यांनी तिन्ही कागद पावांवर मांडले आणि म्हणाल्या, "वाचा! सगळीकडे स्मिथच आहे की नाही?" त्यावर सगळ्यांनी यंदा उन्हाळा लवकर आला असं मत दिलं.

गुरुवारी हेझल वडिलांच्या स्वयंपाकघरात आली, ती कोट न काढताच.

"बाबा, तुम्ही उभे का राहिलात?"

"चहा टाकतो."

"चहा नको. उभे का राहिलात ते सांगा."

"नाव ऐकलं गं. सवयीनं उठलो."

"मग बसायचं ना लगेच!"

"गुडघा..."

"गुडघ्याचं सांगू नका मला. 'नावाबद्दल' असं म्हणालात, ते काय गुडघा म्हणाला?"

सिरिलनी किटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. मग एकदाचे बोलून गेले. "बारा होतील गं, हेझल."

चाळीस वर्षांची पोर, कधी नव्हे ते घर मांडत होती. आई गेल्यापासून दर ऑगस्टला एकटी बसून टाळ्या वाजवत आली होती, एकदाही कुरकुर केली नव्हती. "मी लग्न करतेय, बाबा," ती म्हणाली. "तीन महिने झाले. तुम्ही एकदा तरी म्हणालात, की पोरी, बरं वाटलं? आणि तुम्ही आकडा मोजत बसलात." ती दार न लावता निघून गेली. सिरिल बराच वेळ किटलीसमोर उभे होते. आपण पोरीच्या सुखात माती कालवली, हे त्यांना त्या थंड किटलीसमोर पहिल्यांदा कळलं आणि जीव अगदी कळवळला.

रविवारी चर्च तुडुंब भरलं. नाताळातही इतकी माणसं येत नाहीत. शुभ-अशुभ गुंडाळून ठेवून हेझल आणि रॉडनीही आले होते. मागच्या बाकावर डोरीनबाई फाईल घेऊन मध्ये आणि ही दोघं दोन बाजूंना बसली होती.

सिरिल उठले. या वेळी वेळेवर उठले.

"गेल्या रविवारी मी उभा राहिलो," ते म्हणाले, "ते चुकून. माझं आडनाव ऐकलं की मी उभा राहतो. हसायचं असेल तर हसा." कुणी हसलं नाही, सगळे बुटांकडे बघत होते. "रॉडनीच्या नावात काही काळंबेरं नाही. फेब्रुवारीत बर्फ पडलं तेव्हा न सांगता यानं माझ्या दारातली वाट मोकळी करून दिली, आणि मी आतून खिडकीतनं बघत काय मोजत होतो, तर आमच्यातला एक कमी झाला. एक वाढला, असं मोजायला हवं होतं. माझी हरकत नाही. मला आनंद झालाय, हेझल. हे आधीच सांगायला हवं होतं, ते राहिलं."

हेबलथ्वेटबाईंनी रुमाल काढला. पाद्रीबाईंचेही डोळे भरून आले, पण नियम तो नियम. त्यांनी तिसऱ्यांदा नावं वाचली आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

रॉडनी उभा राहिला.

"अरे देवा," पाद्रीबाई म्हणाल्या. असं चर्चमध्ये म्हणायला त्यांना तशी हरकत नव्हती.

"हरकत नाही," रॉडनी घाईघाईनं म्हणाला. "फक्त तुम्ही जे नाव वाचलंत ना, ते आता माझं नाही. परवा वकिलाकडे जाऊन मी बदलून घेतलं. हेझल गुरुवारी फार रडली. मला वाटलं, स्मिथ काय, खंडीभर आहेत. मी गेल्यानं त्यांना काय फरक पडतो? म्हणून मी आता रॉडनी क्लॅपरशॉ."

शेवटी जावयाचं नाव खरंच वेगळं निघालं होतं. हेबलथ्वेटबाईंनी आजूबाजूला असं पाहिलं, की बघा, मी म्हणत नव्हते?

"तू काय केलंस?" हेझल ताडकन उठली. "मला विचारलंस तरी?"

"तुला बरं वाटेल म्हणून..."

"बरं वाटेल? अरे, मला स्मिथ व्हायचं होतं! चाळीस वर्षं या नावानं माझा जीव खाल्लाय. शाळेत हसले, बँकेत हसतात. फोनवर सांगितलं की पलीकडचा माणूस म्हणतो, काय? दोनदा सांगितलं की म्हणतो, मजा करताय का? मला आयुष्यात एकदा, एकदाच, नाव सांगून गप्प बसायचं होतं!" आणि मग बापाकडे लक्ष जाताच ती एकदम थांबली. "सॉरी, बाबा."

रॉडनीचा चेहरा रडवेला झाला. "मग आता? माझ्याकडे तर स्मिथ उरलंच नाही."

तेव्हा डोरीनबाईंनी फाईल मिटली आणि हेझलचा हात धरून तिला खाली बसवलं. "त्यात काय एवढं? तू ये गं माझ्याकडे. माझ्या घरात एक जागा आत्ताच रिकामी झालीये. तोच वकील, तसाच कागद. त्याला म्हणावं, आता उलटं कर."

सिरिल बाकावर बसून बोटं मोजत होते. एक गेली, एक आला. परत मोजलं. तेराच! आणि नवीन आलेला अवघा बेचाळिसाचा, हातापायांनी धडधाकट. पोस्टातली नोकरी लागली होती तेव्हाही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

पाद्रीबाईंनी जाहीर करून टाकलं, की दोघांची नावं बदलल्यामुळे पुकारा पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार होईल, आणि त्या तीन रविवारी कुणीही, कुठल्याही कारणानं, जागचं हलणार नाही. मग त्यांनी भजन सुरू करायला सांगितलं. हेझल मागच्या बाकावरून उठून वडिलांशेजारी येऊन बसली, आणि बघते तर म्हातारबुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आता काय झालं, बाबा? आकडा जुळला ना?"

"जुळला की," सिरिल म्हणाले आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "पण त्यात तू नाहीस गं."