कासारबोळांत हत्ती घातला त्याची हकीकत

श्री गजवदन प्रसन्न. वाचणाराचें पाऊल सरळ पडो, लिहिणाराची वाट न चुको. शके सतराशें नऊ, प्लवंग नाम संवत्सरीं, कोणे एके राज्यीं महाराजांचे चित्तीं आलें कीं, रयत सगळ्यासच वाट म्हणते, हें राज्यास शोभत नाहीं. आणि मग हुकूम जाहला कीं, माणूस अंग चोरून जाईल तो बोळ, गाडी जाईल ती गल्ली, दोन गाड्या न भांडतां जातील तो रस्ता (ऐसा एकही सांपडला नाहीं, तें असो), आणि हत्ती जाईल तो राजमार्ग.

येणेंकरून येसोबा कासारावर प्रसंग गुदरला. त्याची कन्या सगुणा निंबाशेट कासाराचे पुत्रास नेमिली होती. निंबाशेटांचें घर राजमार्गीं ठरलें आणि येसोबाचें बोळांत, आणि निंबाशेट बोलले, "बोळातली सून आमच्या दारी शोभायची नाही." येसोबा बहुत कष्टी जाहला, पोरीचें तोंड पाहवेना. मग दरबारीं जाऊन पायां पडला, आणि महाराजांनीं आज्ञा केली कीं, बोळांत हत्ती घालावा, गेला तर राजमार्ग; आणि साक्षीस निंबाशेटांसच अंबारींत बसविलें.

मग हत्ती शिरला आणि निम्मा गेला आणि पोट अडकलें. पुढें सरेना, मागें हटेना. शास्त्री जमले. एक म्हणाले, "सोंड पलीकडे, सबब गेला." दुसरे म्हणाले, "शेपूट अलीकडे, सबब नाही गेला." मग वाद जुंपला आणि ऊन चढलें आणि वरतीं निंबाशेट भुकेनें व्याकुळ जाहले. अंबारी नेमकी येसोबाचे माडीचे खिडकीशीं लागली होती. सगुणा पिठलें-भाकरीचें ताट पुढें करून बोलली, "सून नको तर नको, मामंजी, पण उपाशी का राहता? हत्ती हलला तर ताट सांडेल, आत येऊन बसा की!"

शेट खिडकींतून आंत उतरले, पागोटें चौकटीस अडकून बाहेर राहिलें, आणि दुसरी भाकरी मागून घेतली. मग हात धुवून, मान खालीं घालून बोलले, "येसोबा, लोक पोरीला मागायला दारातून येतात. आम्ही खिडकीतून आलो. नाही म्हणू नका." येसोबास रडूं आवरेना. हत्ती मागाहून तेल ओतून काढिला.

एवंच, शास्त्र्यांचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे. बोळ बोळच राहिला. मुलगी मात्र मार्गीं लागली.