चार सेकंदांचा विराम

माणूस बोलतो म्हणजे नेमके काय करतो? फुप्फुसातली हवा घशातल्या दोन पडद्यांमधून बाहेर सोडतो, आणि वाटेत जीभ, टाळू, दात, ओठ तिची जमेल तशी अडवणूक करतात. यापलीकडे बोलण्याला काही अर्थ असतो, ही समजूत अजून बऱ्याच घरांत टिकून आहे. वाणीमापन केंद्रात ती बावीस वर्षांपूर्वीच मोडीत निघाली.

याचे श्रेय मापकसाहेबांना द्यायला हवे. केंद्रात येणाऱ्याने आधी पाच सेकंद 'आ' म्हणायचे (दातांच्या दवाखान्यातला 'आ' चालत नाही), मग दोन मिनिटे मनाला येईल ते बोलायचे. साहेबांनी काचेपलीकडे बसून पडद्यावरची रेघ बघायची. नियम सात असा की, बोलणारा काय म्हणतो आहे याकडे लक्ष देऊ नये. त्याने मोजमाप बिघडते. एक कनिष्ठ मापक लोकांचे ऐकून डोळे पुसायचा, त्याची भांडारात बदली झाली. साहेबांच्या मात्र हा नियम पार अंगवळणी पडला होता. त्यांनी घेतलेल्या नऊ हजार तीनशे नमुन्यांत सहा गुन्ह्यांची कबुली आणि एक मृत्युपत्र होते, असे मागाहून कळले. (मृत्युपत्रातले स्वर फार सुरेख होते.)

मंगळवारी अकरा वाजता साहेबांची बायको रांगेत उभी राहून, नंबर घेऊन आत आली. तिच्या घशाची कधी तक्रार नव्हती, त्यामुळे साहेबांना जरा नवल वाटले. पण नियम बायकोलाही लागू. ती बोलू लागली आणि रेघ अशी देखणी उमटली की साहेबांचा ऊर भरून आला. कंपने दोनशे बारा, 'स' स्वच्छ, अखेरीस किंचित थरथर. शेवटी मात्र चार सेकंद ती काहीच बोलली नाही, नुसती काचेकडे बघत राहिली. साहेबांनी प्रोत्साहन म्हणून अंगठा दाखवला. ती उठून गेली.

आता प्रपत्रातला रकाना नऊ: तीन सेकंदांहून मोठा विराम असल्यास कारण लिहावे. साहेबांनी दुपारभर नमुना अकरा वेळा लावला. खरोखर मन लावून ऐकले. 'स' ऐकू आला, 'र' ऐकू आला, बायको काही सापडेना. साडेपाचला सफाईवाल्या मावशी आल्या. त्यांचे कसलेच प्रशिक्षण झालेले नसल्याने त्यांना पहिल्याच खेपेला कळले.

"अहो साहेब, वहिनी भावाकडे चालल्यात. पाचच्या गाडीनं, कायमच्या," मावशी झाडू भिंतीला टेकवत म्हणाल्या. "म्हणतायत, घरी काहीही सांगितलं तरी तुम्ही नुसतं 'हं' करता. म्हणून इथं नंबर लावून सांगतेय. एकदा 'जाऊ नकोस' म्हणालात तर राहीन. मग गप्प बसल्यात. तुमच्या उत्तराची वाट बघत असणार तेव्हा."

साहेब ताडकन उठले. माणूस वाईट नव्हता. बायकोवर त्यांचा जीव होता, फक्त कान कामावर होते. ते काचेला नाक लावून "जाऊ नकोस" म्हणाले. पलीकडे रिकामी खुर्ची होती. यंत्र चालूच असल्याने नोंद झाली: उच्चार निर्दोष. रकाना नऊमध्ये त्यांनी लिहिले, 'उत्तराची अपेक्षा.'

या प्रकरणानंतर केंद्राने एकशे चौदा घरांत 'हं' या ध्वनीची रीतसर पाहणी केली. ओठ मिटलेले, जीभ निवांत, हवा नाकावाटे, कालावधी पाव सेकंद. कानांचा सहभाग आढळला नाही. सर्वांत निर्दोष नमुने वाचत बसलेल्या मंडळींचे निघाले, कारण ते मानसुद्धा वर करत नाहीत. तुम्ही हे वाचत असताना मघाशी आतून कोणीतरी काही विचारले, तेव्हा तुमचाही नमुना उत्तम आला आहे. काय विचारले होते, याची नोंद केंद्राकडे नाही.