ह्यो कुणाचा?

तुळशीराममामा माणसाकडे एकदा बघतात आणि त्याला कोणता प्राणी लागेल ते सांगतात. गुडघे दुखत असतील तर ससा. धाप लागत असेल तर साळिंदर. बाळंतिणीला तितर, जावयाला रानडुक्कर. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सिस्टरबाई, तुमाला घोरपड लागंल. पाठ गेली तुमची."

मी आरोग्यसेविका. लोहा तालुक्यातल्या या गावात मला नऊ वर्षं झाली. पाठ खरंच गेली होती, पण ते मी कबूल केलं नाही. त्यांच्याच रक्तदाबाची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. मामांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"हिला पाय हायत का?"

"गोळीला कशाला पाय?"

"मंग ही रोगाला गाठणार कशी? माझी दवा बगा, शेतभर पळती."

मी याद्या करणारी बाई आहे. गरोदर बायांची यादी, लसीकरणाची यादी, नादुरुस्त हापशांची यादी. मामांसाठी वहीत एक पान वेगळं काढलं. रस्त्यावर मेलेला ससा, खाल्ला. तारेत अडकलेलं डुक्कर, खाल्लं. नाल्याकाठी तितर, कशानं मेलं माहीत नाही, खाल्लं. पान भरलं तेव्हा दुसरं डकवलं.

शिकारीला बंदी आहे म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "म्या न्हाई मारलं. गाडीनं मारलं. गाडीला धरा." डुकराच्या मांसात जंत असतात, मेलेल्या जनावराला काय झालं होतं ते कुणालाच कळत नाही, हे मी चित्रं दाखवून सांगितलं. मामांनी चित्रं आवडीनं पाहिली. "उकळीत काय जगतंय, सिस्टरबाई? तुमी तरी जगाल का?"

असं काही हाती लागलं की मामांच्या अंगणात वाटे पडायचे. पळसाची अकरा पानं, अकरा घरांचे अकरा वाटे. कलेजी, हाडूक, चरबी, सगळ्यांत सारखं. मामांचे बालमित्र किसनभाऊ गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मामा एका पानावर काठी टेकवायचे आणि विचारायचे, "ह्यो कुणाचा?" किसनभाऊ मागे न बघता नाव घ्यायचे. "पारूबाईचा." ज्याचं नाव निघालं, तो वाटा त्याचा. म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी, हे भांडणच नको.

"ह्यो कुणाचा?"

"सरपंचाचा. हाडकाचा हाय का बग, न्हाईतर बदल."

आणि अंगणभर हसू. अर्धं गाव तिथं जमायचं. एरवी त्या अंगणात मी पाहिलेली माणसं दोनच, मी आणि पोस्टमन. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लातूरला दिलेली.

गेल्या आखाडात नाल्याकाठी मोठं डुक्कर मेलेलं सापडलं. मामांनी वास घेऊन सांगितलं, "ताजं हाय." ताजं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या यादीत तेवीस नावं होती. सहा जणांना सलाईन. किसनभाऊंची पाच वर्षांची नात चार दिवस नांदेडला दवाखान्यात. वाचली.

ती घरी आली त्या दिवशी किसनभाऊ मामांच्या दारात आले. मी तिथंच पाण्यात औषध टाकत होते. मला वाटलं, आता शिव्या. पण ते ओरडले नाहीत.

"तुळशा, इतके साल म्या भितीकडं तोंड करून हुबा ऱ्हायलो. तू पानावर काय ठिवतो, ते कदी बगितलं न्हाई."

एवढंच बोलून गेले. पुन्हा आले नाहीत.

मी मात्र जोरात कामाला लागले. अकरा घरांना प्रत्येकी तीन भेटी. प्रत्येक दारावर कागद. ग्रामसभेत भाषण. माझ्या मासिक अहवालात ओळ गेली : वन्य मांस खाणारी घरे, शून्य. जनजागृती, यशस्वी. तालुक्याच्या बैठकीत ती वाचून दाखवली गेली आणि टाळ्या वाजल्या. मलाही बरं वाटलं.

यंदा आखाड लागला तसा मामांचा निरोप आला. गेले तर अंगण सारवलेलं. पळसाची अकरा पानं ओळीनं मांडलेली.

"बगा, सिस्टरबाई. दुकानचं हाय. सकाळच्या गाडीनं लोह्याला जाऊन आणलं. बकरा माज्यासमोर कापला. तुमी तेवढं सांगा लोकायला. तुमचं ऐकतेत."

मी मांस तपासलं. रंग, वास, सगळं चांगलं. मग अकराही घरं फिरले.

पारूबाईनं दारावरच्या कागदावर बोट ठेवलं. "हे तुमीच डकवलं ना?"

"अहो, ते रानातल्या मांसाचं. हा बकरा आहे. मी स्वतः बघितलाय."

"आसंल बकरा. वाढणारा हात त्योच हाय न्हवं?"

सरपंच म्हणाले, उपास आहे. किसनभाऊंच्या सुनेनं सांगितलं, मामंजी शेतात गेलेत. त्यांच्या वहाणा दारातच होत्या.

परत आले तेव्हा मामा पानांपाशी काठी घेऊन उभे होते. "येतेत का?"

"नाही, मामा."

ते पानांकडे बघत राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही तरी पोटभर खा आता."

मामा हसले. पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडात नीट पाहिलं. "कशानं खाऊ? सात साल झाले दात जाऊन. म्या निस्ता रस्सा पेतो."

वहीतली माझी दोन पानं आठवली. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'खाल्लं' लिहिलं होतं.

मामांनी पहिल्या पानावर काठी टेकवली. कुणाकडेही न बघता विचारलं, "ह्यो कुणाचा?"

मी गोठ्याच्या भिंतीकडे तोंड केलं. अकरा घरांची यादी मला पाठ आहे.

"पारूबाईचा," मी म्हटलं.

"ह्यो कुणाचा?"

"सरपंचांचा."

असं करत दहा झाले. मागे काठी सरकल्याचा आवाज येत होता. अकराव्याला मी म्हटलं, "किसनभाऊंचा."

वळून पाहिलं तर मामांनी ते एकच पान उचललं होतं. त्यावर दुसरं पान झाकून त्यांनी ते ओट्याच्या कडेला ठेवलं. "येईल त्यो," म्हणाले. बाकीची दहा पानं तशीच राहिली. कुत्री कुंपणाशी येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहभेटींना निघाले तेव्हा ओट्यावर ते पान तसंच होतं. मुंग्या लागल्या होत्या. मामा शेजारी बसून मामींच्या जुन्या पदराच्या चिंधीनं मुंग्या झटकत होते.

मी सांगितलं, "मामा, फेका ते. मांस इतका वेळ उघड्यावर राहिलं की धोक्याचं असतं."

दुसरं काही सांगायला मी शिकलेले नाही.