शंभरपैकी शंभर

सकाळचे साडेनऊ वाजले होते, अकराला फर्निचरच्या दुकानात वेबसाईट दाखवायची होती, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्या डिझायनरसमोर एकतीस लाल खुणा लुकलुकत होत्या.

नोकरी सोडून घरून कामं घ्यायला लागल्यापासून आठ महिन्यांत त्याने इंटरनेटवरून नाना साधनं जमवली होती आणि खरं सांगायचं तर ती होतीच कौतुक करण्यासारखी. फोटोतल्या कुठल्याही ठिपक्यावर नेलं की एक साधन त्या रंगाचा नेमका आकडा सांगायचं. दुसरं भल्यामोठ्या फोटोचं वजन चिमूटभर करायचं, तेही चेहऱ्यावरची एक सुरकुती न हलवता. तिसरं एकच पान बारा प्रकारच्या फोनवर कसं दिसेल ते शेजारी शेजारी मांडून दाखवायचं. जुन्या ऑफिसात याच कामाला चार माणसं लागत आणि त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नसत.

"एवढी हत्यारं जमवलीस," इस्त्री करता करता बायको म्हणाली, "पण बाथरूममधली खुंटी महिनाभर जमिनीवर पडलीय."

"तिच्यासाठी ऑनलाइन काही निघालं की पहिला मीच घेईन."

"तुझ्या जुन्या साहेबांचा फोन होता. तुझी जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवतायत म्हणे."

"ठेवू देत. आज हे काम पास झालं ना, की दुकानाच्या तिन्ही शाखांचं वर्षभराचं काम आपलं. मग त्या जागेवर कोणीही बसो."

"आणि नाही झालं तर?"

त्याने लाल खुणांकडे बोट दाखवलं.

त्या खुणा चौथ्या साधनाच्या होत्या. वेबसाईटमध्ये काय राहून गेलंय ते शोधून हे साधन मार्क द्यायचं. ज्यांना दिसत नाही त्यांचे फोन वेबसाईट मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणून प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहून ठेवावं लागतं. पडद्यावर ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. डिझायनरने एकतीस फोटो लावले होते आणि एकाचंही वर्णन लिहिलं नव्हतं. साधन मोठं गुणी आणि कडक होतं. मात्र वर्णन लिहिलंय की नाही एवढंच त्याला कळे. काय लिहिलंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

मग डिझायनरने घड्याळाकडे बघितलं आणि प्रत्येक फोटो बघून जे मनात आलं ते भराभरा टाइप केलं. नीट नंतर लिहू, तोवर आपल्याच आठवणीसाठी टिपणं म्हणून चालतील, असा त्याचा हिशेब. वीस मिनिटांत लाल खुणा हिरव्या झाल्या आणि पडद्यावर रंगीत कागदांची बरसात झाली. शंभरपैकी शंभर! शाळेत हे कधी जमलं नव्हतं. त्याने लगेच त्या आकड्याचा फोटो दुकानमालकांना पाठवला, खाली वेबसाईटची लिंक जोडली आणि हसत हसत बूट घातले.

दुकानात मालक वाटच बघत होते. शेजारी त्यांचा मेहुणा उभा होता. वेबसाईटवरचे सगळे फोटो त्यानेच काढलेले, त्यामुळे तो पडद्याकडे नव्हे, तर पडदा बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता. मालकांनी तिन्ही पानं वरखाली करून पाहिली. पहिलं पान शोरूमचं, दुसरं खुर्च्यांचं, तिसरं 'आमच्याविषयी'.

"झकास," मालक म्हणाले. "माझ्याकडून पास. आता फक्त बाबांनी हो म्हणायचं. दुकान अजून त्यांच्याच शब्दावर चालतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर थोरले मालक बसले होते. हे दुकान त्यांनी एका रंध्यावर आणि दोन करवतींवर उभं केलेलं. बसल्या बसल्या ते शेजारच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. आठ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती.

"बाबांना... दाखवायची?" डिझायनरने हळूच विचारलं.

"दाखवायला कशाला हवी? मुलाने सकाळीच लिंक पाठवलीय," म्हणत थोरल्या मालकांनी खिशातून फोन काढला. त्यांचं बोट काचेवरून सरसर फिरू लागलं आणि फोन बोलायला लागला, तोही इतक्या वेगाने की इतरांना शब्द पकडणं मुश्कील. डिझायनर क्षणभर भान हरपून बघत राहिला. हे साधन त्याने स्वतः एकदा दहा मिनिटं वापरून पाहिलं होतं आणि चक्कर आली म्हणून बंद केलं होतं. इथे ऐंशीच्या घरातला माणूस त्यावर लीलया बोट चालवत होता. काय हा हात!

मग त्याला सकाळी एकतीस फोटोंमागे काय लिहिलंय ते आठवलं.

"आजोबा, आज नेट जरा..."

"नेट उत्तम आहे. या मंडळींनाही कळू दे, आवाज सावकाश करतो."

फोन ठणठणीत आवाजात वाचू लागला. "फोटो. शोरूम. उजेड वाढवला तर सोफा जास्त भयंकर दिसतो."

मेहुणा ताठ झाला.

"फोटो. मालक. हसताहेत की दाढ दुखतेय ते कळत नाही. दुसरा मागवणे."

"अहो, हे काय?" मालक ओरडले.

"ती... ती माझी टिपणं आहेत. चुकून राहिली. दोन मिनिटं द्या, लगेच बदलतो."

"काही बदलू नका," थोरले मालक म्हणाले. "मला ऐकू द्या."

डिझायनरने टेबलाआड लॅपटॉप उघडला. पहिलं पान तर हातचं गेलंच होतं. दुसऱ्याला हात घालेपर्यंत म्हातारबुवांनी तेही उघडलं. तेव्हा त्याने तिसरं पान तरी वाचवायचं ठरवलं आणि मान खाली घालून तिथली वर्णनं एकेका शब्दाची करायचा सपाटा लावला. वरून फोनचा आवाज येतच होता.

"फोटो. खुर्ची. एक पाय तोकडा. खाली पुस्तक घातलंय, ते फोटोतून कापून टाकणे."

"पुस्तक?" थोरल्या मालकांची भुवई चढली. "कुठली खुर्ची ही?"

"नवीन माल आहे, बाबा," मालक पुटपुटले.

"फोटो. फोटोग्राफर स्वतःच आरशात दिसतोय. पोट आत घ्यायला हवं होतं."

"मी चाललो," मेहुणा म्हणाला. पण गेला नाही, कारण पुढे आणखी काय आहे ते त्यालाही ऐकायचं होतं. मालकांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी डिझायनरकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला जुन्या ऑफिसातली आपली जागा, तिथला मळका पंखा आणि साहेबांचं खाकरणं सगळं लख्ख दिसलं.

दुसरं पान संपलं आणि तिसरं उघडलं. डिझायनरने नुकतंच बोट बटणावरून उचललं होतं. फोन शहाण्या मुलासारखा वाचू लागला. "फोटो. दुकान. फोटो. कामगार. फोटो. हात."

थोरल्या मालकांचं बोट थांबलं. ते मागे गेले आणि पुन्हा ऐकलं. "फोटो. हात."

"कोणाचे हात?"

"तुमचे, आजोबा. जुना फोटो आहे, तुमच्या मुलाने अल्बममधून दिला."

"एवढंच? तोकड्या पायाच्या खुर्चीला दोन ओळी, याच्या मेहुण्याच्या पोटाला एक ओळ, आणि माझ्या हातांना एक शब्द?" त्यांचा आवाज खरोखर दुखावल्यासारखा आला. "आधी काय लिहिलं होतंत?"

डिझायनरने मालकांकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं. काम तर गेलंच होतं. मग निदान खरं तरी बोलावं, असं त्याला वाटलं.

"मी लिहिलं होतं," तो म्हणाला, "थोरल्या मालकांचे हात, रंधा मारताना. डाव्या अंगठ्यावर जुनी जखम, भुश्शाने मनगटापर्यंत पांढरे झालेत. सगळ्या साईटवर हा एकच फोटो खरा. बाकीचे तीस काढले तरी चालतील."

थोरले मालक डावा अंगठा चोळत बसले. त्यांनी विचारलं, "भुस्सा दिसतो त्यात?"

"नखांत अडकलेलासुद्धा दिसतो."

"मग काढ ते तीस," ते म्हणाले. बोलता बोलता ते 'तू'वर आले होते. "फोटो नव्याने काढा. त्यांच्यामागे काय लिहायचं ते हा ठरवेल. तिन्ही शाखांचं काम यालाच द्यायचं."

"पण बाबा, याने मला..."

"तुझी दाढ दुखते का?"

"नाही."

"मग हसायला शीक."

डिझायनर लॅपटॉप मिटू लागला. तेवढ्यात थोरल्या मालकांनी त्याचा दंड पकडला, काठी उचलली आणि त्याला शोरूमच्या मधोमध आणून उभं केलं.

"आठ वर्षं मी दुकान कसंय म्हणून विचारतो आणि आठ वर्षं मुलगा 'छान आहे बाबा' म्हणतो. आता तू सांग. समोर काय दिसतंय? एकही शब्द गाळायचा नाही."

डिझायनरने समोर बघितलं आणि प्रामाणिकपणे सुरुवात केली.

"समोर एक कपाट आहे, दार नीट लागत नाही. आणि कपाटाला टेकून मालक उभे आहेत, मला हात जोडताहेत."