बारीक मंडळींचा वैरी

आदाप्पाच्या टांग्यात बसायचं तर आधी धोतर झटकून दाखवावं लागे. सोगा, काष्टा, टोपी, आणि हातात पिशवी असली तर तीही उलटी करून. मग आदाप्पा तुमच्याभोवती एक फेरी मारी, मानेमागं डोकावून बघी आणि विचारी, "गोठ्यातनं आलासा काय?" होय म्हटलंत तर मागच्या टांग्याकडं बोट. नाही म्हटलंत तरी त्याचा विश्वास बसेलच असं नाही.

मी निपाणीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दिवसभर गुरांच्या अंगाला अंग लावून काम. त्यामुळं आदाप्पाच्या लेखी मी म्हणजे दोन पायांचा गोठाच होतो. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यानं मला एकदाही टांग्यात घेतलं नाही. एकदा भर पावसात मी चिकोडीच्या रस्त्यावर भिजत उभा होतो. टांगा रिकामा होता. आदाप्पानं टांगा थांबवला, आपली छत्री माझ्या हातात दिली आणि निघून गेला.

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं आमच्या डॉक्टरांनी. डॉक्टर धारवाडचे. मराठी चांगलं बोलत, चिडले की कानडीवर येत. एका पावसाळ्यात एका टांग्याच्या घोड्याला सर्रा झाला. हा ताप असा की घोडा दिवसेंदिवस झिजतो, पायांना सूज येते आणि शेवटी आडवा होतो. सर्रा ठरला की घोड्याला गोळी घालायची, असा सरकारी हुकूम होता. डॉक्टरांनी गावातले टांगेवाले गोळा केले आणि त्या घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यात बारीक किडे वळवळत होते. गोमाशी आजारी घोड्याला चावते, तीच उठून धडधाकट घोड्याला चावते आणि रोग पोचवते, असं त्यांनी समजावलं. गोचिडीचं दुखणं वेगळं. त्यात डोळे पिवळे होतात, लघवी लाल होते. माणसांचा प्लेगही उंदरांच्या अंगावरच्या पिसवाच पसरवतात, हेही त्यांनी ओघात सांगितलं. बाकीच्यांनी एकेकदा बघितलं आणि ते चहाला गेले. आदाप्पाचा डोळा मात्र त्या भिंगावरून निघेना.

तेव्हापासून माशी, गोचीड, पिसू या सगळ्यांना त्यानं एकच नाव दिलं. बारीक मंडळी. "मोठी मंडळी समोरनं येत्यात, रामराम तरी करत्यात," तो म्हणायचा. "जपायचं ते बारीक मंडळींपासनं."

अडचण एवढीच होती की आदाप्पा जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणारा, पाणी गाळून पिणारा. ज्यांच्याशी जन्माचं वैर, त्यांना मारायची सोय नाही. म्हणून तो रोज सकाळी आपल्या रत्नी नावाच्या घोडीच्या कानामागच्या, शेपटीखालच्या गोचिडी चिमट्यानं अलगद काढी, पत्र्याच्या डबीत घाली आणि ओढ्यापलीकडच्या खडकावर नेऊन सोडी. त्या खडकावर कावळे वाट बघत बसलेले असत. मी हे एकदा त्याच्या नजरेस आणून दिलं.

"कावळ्याचं कर्म कावळ्यापाशी," आदाप्पा म्हणाला. "मी खडकापतूर पोच केलो."

एकदा तर त्यानं नवरदेवाची झडती घेतली. लग्नघर चिकोडीच्या अलीकडं, मुहूर्त जवळ आलेला आणि वऱ्हाडाची गाडी वाटेत मोडलेली. नवरदेवाला आदाप्पाच्या टांग्यात बसवायचं ठरलं. आदाप्पानं त्याला भर रस्त्यात फेटा सोडायला लावला. नवरदेवाचा मामा लालेलाल. तेवढ्यात फेट्याच्या शेवटच्या वेढ्यातून खरंच एक टपोरी गोचीड निघाली. आदाप्पानं ती मामाच्या नाकासमोर धरली आणि ही नवरीकडची की नवऱ्याकडची, असं शांतपणे विचारलं. फेटा पुन्हा बांधणारा कुणी बरोबर नव्हता. नवरदेव टोपी घालून बोहल्यावर चढला, आणि वाटेत त्याला जी खाज सुटली ती म्हणे अंतरपाट दूर होईपर्यंत थांबली नाही.

असा हा माणूस, आणि एका श्रावणात त्याची रत्नीच आजारी पडली.

त्याच पंधरवड्यात गावातला एक घोडा सर्ऱ्यानं गेला होता, म्हणजे गोळीनं गेला होता. आदाप्पा रत्नीला हातानं धरून दवाखान्यात आला तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग थरथरत होतं आणि पाय एकमेकांत अडकत होते. डॉक्टरांनी काय खाल्लं, काय प्यायली ते विचारलं. रोजचाच हरभरा, रोजचंच गवत. डॉक्टरांनी कानाला टोचून रक्त घेतलं आणि आत गेले. आदाप्पानं एकदा दारातून डोकावून विचारायला तोंड उघडलं तर आतून "सुम्मनिर्री" असं आलं. गप्प बसा. तो येऊन पायरीवर बसला.

मी शेजारी बसलो. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हणालो की एवढं जपतोस, तुझ्या घोडीला काय होतंय.

तो रत्नीकडं बघत होता. मग म्हणाला, "माझी बायको पैल्या पिलेगात गेली."

आदाप्पा एकटा राहायचा. त्याचं लग्न झालं होतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"गाव सोडून समदी रानात खोपी घालून ऱ्हायलोतो," तो सांगू लागला. "लई थंडी हुती. ती म्हणली, घरातली वाकळ आणा. घराकडं जायाची बंदी, तरी मी चोरून गेलो आन् आणलो. घरात उंदरं मरून पडलीती. बघिटलो मी. पर त्येचा वाकळंशी काय संबंध, कुणाला ठावं? चौथ्या दिशी ती गेली. तुमच्या डाक्टरांनी उंदराच्या पिसवांचं सांगितलं, तवा ती वाकळ डोळ्याम्होरं आली."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो आणि गावालाही हसवत आलो होतो. त्याची मला फार लाज वाटली.

इतक्यात डॉक्टर बाहेर आले. रक्त स्वच्छ होतं. किडा एकही नाही. मग घोडीला झालंय काय, म्हणून ते तिच्या पाठीला नाक लावून उभे राहिले आणि काय चोळलंय हिला, असं विचारलं.

आमच्याकडं पावसाळ्यात जनावरांना तंबाखूच्या पाण्यानं पुसायची रीत आहे. गोचिडी पळतात. त्यासाठी वखारीतला काड्यांचा कचरा मूठभर पाण्यात भिजवतात, बस्स. पण रत्नीला कचरा कसा लावायचा? आदाप्पानं एका व्यापाऱ्यानं भेट दिलेली अस्सल जर्द्याची अख्खी जुडी रात्रभर भिजवली होती आणि त्या काढ्यानं घोडीला दोनदा न्हाऊ घातलं होतं. दुसऱ्या गावात हे वासावरूनच कळलं असतं. निपाणीत तंबाखूचा वास आला नाही तरच आम्ही चपापतो. डॉक्टर धारवाडचे, म्हणून त्यांच्या नाकाला तरी लागला.

पुढची पाच मिनिटं डॉक्टर कानडीत बोलले. मग आम्ही दोघांनी विहिरीचं पाणी ओढून ओढून रत्नीला धुतलं. तासा-दोन तासांत तिचं थरथरणं थांबलं आणि तिनं कुंपणावरचं गवत ओढायला सुरुवात केली. मला हसू फुटलं. आदाप्पा हसला नाही. तो डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, त्ये पिसवाचं... पैल्या पिलेगात डाक्टर लोकांना तरी ठावं हुतं?"

डॉक्टर काच पुसत होते. हा का विचारतोय हे त्यांना माहीत नव्हतं. "नाही हो," ते म्हणाले. "कुणी हवा म्हणायचं, कुणी धान्य. पिसवांचं नक्की कळायला पुढं कितीतरी वर्षं गेली."

"मोठ्या डाक्टरांनाबी न्हाय?"

"कुणालाच नाही."

आदाप्पानं मान हलवली. ओल्या हातानं त्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळला. "कुणालाच न्हाय म्हणत्यात," तो मला म्हणाला, जणू मी ते ऐकलंच नव्हतं. "मला रोज वाटायचं, मला तरी कळाय पायजे हुतं."

मग त्यानं रत्नीचा लगाम धरला आणि तिच्या चालीनं, सावकाश, तिला घरी घेऊन गेला.