हनुवटी आधी की जबडा

माणसाच्या चेहऱ्यात दोन डोळे, एक नाक आणि एक तोंड एवढा ऐवज असला की भागतं, असा मागासलेला समज कित्येक शतकं प्रचलित होता. तोंडाच्या खाली काय आहे याची चौकशी फारशी कोणी करत नसे. प्रगतीला कपाळापासून सरकत सरकत हनुवटीपर्यंत पोहोचायला वेळ लागला, एवढंच.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रारसाहेबांपर्यंत ती त्यांच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पोहोचली.

तक्रारसाहेब (हे नाव लोकांनी दिलेलं, खरं नाव पाटीवर होतं आणि पाटीसमोर कपाट होतं) एकोणीस वर्षं तक्रार खिडकीवर बसत होते. काचेला मधोमध एक गोल भोक आणि भोकापलीकडे साहेबांचा चेहरा. हा चेहरा खालच्या ओठापर्यंत रीतसर येई आणि पुढे कुणाला त्रास न देता गळ्यात विरून जाई. तीन दिवस नळ कोरडा म्हणून दातओठ खात आलेला माणूस भोकातून आत बघे, आणि या गृहस्थाच्या हातात काही नाही हे त्याला तिथल्या तिथे उमगे. मग तो बाकावर टेकायचा, उलट साहेबांनाच धीर द्यायचा आणि घरी जायचा. त्यामुळे तक्रारींचे समाधानकारक निवारण अठ्ठ्याण्णव टक्के होते. (पाणी येण्याचे प्रमाण वेगळ्या रकान्यात मोजले जाते.)

असा माणूस वरच्या जागेसाठी मुलाखतीला गेला, तर निवड समितीने शेरा मारला, ‘काम उत्कृष्ट. तथापि पाहताक्षणी निर्णयक्षमता जाणवत नाही.’

साहेब समितीच्या चिटणीसाला गाठून म्हणाले, “पाहताक्षणी म्हणजे नक्की कुठे पाहिलं हो त्यांनी?”

चिटणीस भला माणूस. तो नुसता साहेबांच्या कॉलरच्या दोन बोटं वर बघत राहिला.

साहेब त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे गेले. दवाखान्यात रोगी कोणीच नव्हता. सगळे बरे होते आणि आणखी बरे व्हायला आले होते. बाईंनी समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले, पडद्यावर नाकाच्या शेंड्यापासून एक रेघ ओढली आणि हळहळल्या.

“समतोल नाहीये.”

“कधीपासून?” साहेबांनी घाबरून विचारलं.

“जन्मापासून.”

उपचार सोपा होता. फिलर नावाचा जेलसारखा पदार्थ सुईने त्वचेखाली भरायचा. वर्ष-दीड वर्ष टिकतो, मग पुन्हा भरायचा. प्रश्न फक्त कुठे भरायचा, हा. हनुवटीत भरला तर बाजूने रुबाब येतो. जबड्याच्या कडेला भरला तर समोरून. “निर्णय पूर्णपणे तुमचा,” असं म्हणून बाईंनी सात पानी अर्ज पुढे सरकवला.

साहेबांनी विषय शास्त्रशुद्ध हाताळला. खिडकीत आपण समोरून दिसतो, तेव्हा जबडा. पण बैठकीत आपली खुर्ची कोपऱ्यात, वरिष्ठांना आपण बाजूने दिसतो, तेव्हा हनुवटी. कार्यालयातल्या एकतीस जणांचं मत घेण्यात आलं. हनुवटीच्या बाजूने चौदा, जबड्याच्या बाजूने नऊ, रजेवर सहा, आणि दोघांनी ‘कोण तक्रारसाहेब?’ असा प्रतिप्रश्न केला.

घरी बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बावीस वर्षं शेजारी झोपतेय. तुमची बाजूच बघते. मला कधी काही कमी पडलं नाही.”

“तुझ्या मताला तांत्रिक आधार नाही,” साहेब म्हणाले.

“मग विचारता कशाला?”

सतरा वर्षांची लेक तिथेच अभ्यासाला बसली होती. तिने मान वर केली, बापाकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात घातली. ती दिसायला थेट बापावर गेली होती. तिचं मत घ्यायचं राहून गेलं.

अशा तऱ्हेने तीन महिने गेले. निर्णय होईना. शेवटी साहेबांच्या ध्यानात आलं, की आपल्याला निर्णय घेता येत नाही याचं कारण हनुवटी नसणं हेच असलं पाहिजे, कारण समितीने तसं लेखी दिलेलं आहे. आणि हनुवटी येण्यासाठी तर निर्णय घ्यावा लागतो. हा पेच त्यांनी बाईंपुढे मांडला. बाईंनी तो एका वाक्यात सोडवला.

“म्हणजे आधी हनुवटी!”

हनुवटी आली. दोन दिवस सूज होती, तिसऱ्या दिवशी ती अशी पुढे आली, की शर्टाचं वरचं बटण दिसेनासं झालं. बाईंनी पुन्हा रेघ ओढली. पुन्हा हळहळल्या. एवढ्या हनुवटीला साजेसा जबडा नव्हता. समतोल बिघडला होता. मग जबडाही आला. (निवड दोहोंतून एकाची नसून, आधी कुणाची एवढीच होती, असा खुलासा अर्जाच्या सहाव्या पानावर आहे.)

नवा चेहरा सोमवारी खिडकीत बसला. पहिल्याच बाई गढूळ पाण्याची बाटली घेऊन आल्या. गेली आठ वर्षं त्या दर पावसाळ्यात येत, बाटली दाखवत, साहेबांच्या तब्येतीची विचारपूस करत आणि जात. आज त्यांनी भोकातून आत पाहिलं आणि बाटली आपटली.

“म्हणजे तुम्ही मुद्दाम करताय तर!”

“अहो बाई, मीच तो. आधीचाच.”

“त्या बिचाऱ्याला काढलंत वाटतं? तो निदान ओशाळायचा तरी!”

त्या महिन्यात तक्रार खिडकीविरुद्धच्या तक्रारी शून्यावरून एकसष्टवर गेल्या. एकाने काच फोडली, दोघांनी वरपर्यंत अर्ज केले. समितीने या घटनांची गंभीर दखल घेतली. ज्याच्यावर लोक इतके चिडतात त्याच्या हातात नक्कीच काहीतरी असलं पाहिजे, असा निष्कर्ष निघाला आणि साहेबांना वरची जागा मिळाली. शेरा होता, ‘पाहताक्षणी निर्णयक्षमता जाणवते.’

बढतीची चिठ्ठी घेऊन साहेब संध्याकाळी घरी आले. लेक आरशासमोर बाजूने उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात भूमितीची पट्टी. पट्टीचं एक टोक नाकाच्या शेंड्याला लावलेलं.

“काय चाललंय?”

तिने पट्टी काढली नाही. “बाबा, तुमची आधी होती तश्शीच आहे ना माझी?”

साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली.

“सगळे म्हणायचे ना, बापाचा चेहरा घेतलाय म्हणून. मला आवडायचं ते.” ती अगदी शांतपणे बोलत होती. “तुम्हालाच नको होता, तर माझ्याकडे कशाला ठेवायचा? डॉक्टरांना फोन केला मी. अठरा पूर्ण लागतात म्हणाल्या. दोनशे बारा दिवस राहिलेत.”

तुझा चेहरा लाखात एक आहे, असं साहेबांना सांगायचं होतं. पण कोणत्या तोंडाने सांगणार? (नवं विरघळून आधीचं परत यायला वर्ष-दीड वर्ष होतं.) दारात बायको उभी होती, तिने नवऱ्याकडे एकवार पाहिलं, बाजूने नव्हे, चांगलं समोरून, आणि आत निघून गेली. निर्णयक्षम साहेब हातात चिठ्ठी घेऊन तिथेच उभे राहिले.

ही हकिकत पाणीपुरवठा कार्यालयात आणि बाहेर आजवर चाळीस जणांना सांगण्यात आली आहे. सगळे पोट धरून हसले, सगळ्यांनी साहेबांना नावं ठेवली. पुढे मुलीचं काय झालं, असं त्यांतल्या तिघांनी विचारलं. उरलेल्या सदतीस जणांनी घसा खाकरून विचारलं, “पण दिसतात कसे आता? नाही, दवाखाना कुठेसा आहे म्हणालात?”

आपण त्या तिघांपैकी आहात, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. हनुवटीवरचा हात तेवढा खाली घ्यावा.