भिमाजीमामांची हुशार चप्पल

आपली चप्पल खोटं बोलत नाही, असं तेजल सगळ्यांना सांगत सुटली होती. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचं संशोधन चालू होतं. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेल्यांसाठी तिने तळात सेन्सर असलेली चप्पल बनवली होती. एकाच जागी भार पडत राहिला, की चप्पल वाजणार आणि तेजलच्या मोबाईलवर ती जागा लाल होणार. पहिला जोड तिने सिन्नरजवळच्या गावी भिमाजीमामांना दिला. मामांचं एक बोट आधीच कापलं होतं. आता जखम झाली तर पाऊलच जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेजलचा जीव त्या चपलेत अडकला होता.

आठवडाभरात मोबाईलवर डावी टाच लाल झाली, ती काही केल्या निवळेना. तेजलने मामेभावाला, गोरक्षला, फोन लावला. "मामांना जमिनीवर पाऊल टेकवू देऊ नकोस. मी निघालेच."

गोरक्षने शब्द खाली पडू दिला नाही. मेथीच्या वाफ्यातून त्याने वडलांना उचललं आणि खांद्यावर टाकून घरी आणलं. बघणाऱ्यांना तेवढं पुरलं. मामांचा पाय कापणार ही बातमी वेशीपर्यंत पोचली, तोवर दोन्ही पाय गेले होते. तेजल आली तेव्हा मामा दवाखान्यात न्यायला आणलेल्या जीपमध्ये गोधडीवर आडवे होते, आणि शेजारची साळूबाई डोळ्यांना पदर लावून त्यांचे गुण गात होती.

तेजलने टाच पुसून पाहिली. चांगली धडधाकट होती.

"मामा, चप्पल कुठंय?"

"वाफ्यात चप्पल घालून कोण जातं? काळ्या आईच्या अंगावर?" मामा म्हणाले. "दारात ठेवली हाय तुझी."

दारात नव्हती. तेवढ्यात जीपमागून पीं पीं ऐकू आलं. अंबूमामी पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या, पायात तेजलचं संशोधन.

"नवीकोरी नुसती पडून होती, म्हणून मीच घालते," मामी म्हणाल्या. "पण वाजती लय. म्हटलं, सवय झाली की गप होईल."

लोक हसले. तेजलला हसू आलं नाही. "मामी, टाच दुखत नाही तुमची?"

"नाय. हल्ली तिथं काय कळतच नाय."

तेजलने खाली बसून टाच हातात घेतली. आत बाभळीचा काटा मोडला होता, भोवती पू धरला होता. मामांना वेळच्या वेळी गोळ्या देणाऱ्या मामींची साखर आजवर कुणी तपासलीच नव्हती.

मामा खाली उतरले आणि मामींना आपल्या जागी चढवू लागले. गोधडीवर पाय द्यायचा म्हणून मामींनी सवयीने चप्पल काढली, तशी मामांनी ती आपल्या पायात सरकवली आणि बायकोशेजारी जाऊन बसले. चप्पल गप्प होती.

दवाखान्याच्या वाटेत तिच्या कॉलेजातल्या सरांचा फोन आला; मामांची टाच चांगली निघाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "काय तेजल, खोटं बोलली ना तुझी चप्पल?"

"नाही सर," ती म्हणाली. "पाय कुणाचा, हे मीच तिला विचारलं नव्हतं."